कोरडी गादी

आमच्या घरात सगळ्यात स्वच्छ बाई कोण, असं कुणी विचारलं तर मी माझं नाव सांगणार नाही. मी अंगणवाडीची सेविका. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची नाकं पुसायची आणि घरी आल्यावर सकाळची भांडी तशीच पडलेली बघून आपल्याच नावानं बोटं मोडायची, असा माझा संसार. स्वच्छ बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. रोज सकाळी सडा, एक दिवसाआड सारवण, आणि सारवण तरी कसं! शेणात पाणी किती, हात किती हलका, कोपऱ्यात बोटं कशी वळवायची, सगळं ठरलेलं. तिच्या ओल्या जमिनीवर पाऊल टाकायला माझा आजही जीव होत नाही.

पण ह्या बाईला तिचं घर मिळायचं ते अर्धंच वर्ष. दसरा झाला की ती आणि माझे दीर कोयते गुंडाळून ऊसतोडीला जायचे. पाथर्डीकडच्या आमच्या गावात यात नवल नाही, दिवाळीला निम्म्या घरांना कुलूपच असतं. ती दोघं परत यायची ती उन्हं तापल्यावर. तोवर त्यांची मुलगी माझ्याकडे. तान्ही होती तेव्हा बरोबर न्यायचे, पण एका हिवाळ्यात उसाच्या फडावर तिची छाती इतकी भरली की मीच भांडून तिला ठेवून घेतली. आता पहिलीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आई गाडीतून उतरली, हात पसरून पुढं झाली, तर पोरगी माझ्या मागं लपली. जावेनं पदर खोचला आणि आल्या पावली घर सारवायला बसली. मी मात्र त्या दिवशी नीट जेवले नाही.

ह्या आषाढात तिनं जाहीर करून टाकलं की यंदा जायचं नाही, कोंबड्या पाळायच्या. दिरांनी आधी हसून घेतलं. मग ती हसत नाही असं बघितल्यावर चिडले, आणि चिडून झाल्यावर घाबरले. माणूस वाईट नाही, पण लग्नाआधीपासून कोयताच हातात, दुसरं काही जमेल यावर त्यांचा विश्वासच नव्हता. शेवटी त्यांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत पिल्लं अंगात भरलेली दिसली, तर ते स्वतः टोळीच्या मुकादमाला नाही म्हणून सांगतील. नाहीतर दरवर्षीसारखं निघायचं, आणि परत हा विषय काढायचा नाही. म्हणजे बघा, एका आईला तिची लेक हिवाळाभर मिळणार की नाही, ते कोंबडीच्या पिल्लांवर येऊन ठेपलं. मला राग आला.

पिल्लं आणायला राहुरीकडे मी तिच्याबरोबर गेले. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून एक दिवसाची पिल्लं एसटीनं आणली. सगळ्या एसटीत चिवचिवाट. कंडक्टर मागं वळून वळून बघत होता. मला राहवेना, म्हणून एक पिल्लू बाहेर काढून तळहातावर घेतलं. कालपर्यंत अंड्यात असलेला जीव! आई नाही, दूध नाही, कुणी शिकवलेलं नाही, आणि माझ्या बांगडीवर टकटक चोच मारून बघतोय. अंड्यातून बाहेर येताना आतला बलक पोटातच शिदोरीसारखा घेऊन निघतात म्हणे, म्हणून एवढा प्रवास सोसतात. माणसाच्या लेकराला मान धरायला, बसायला, उभं राहायला वर्ष जातं. मी ते पिल्लू परत ठेवलंच नाही, गाव येईपर्यंत हातात धरून बसले.

तिच्या घरामागच्या पत्र्याच्या गोठ्यात त्यांची सोय केली होती. पत्र्याचं गोल कडं, वर पिवळा बल्ब, खाली जमिनीवर लाकडाच्या भुशाचा पातळ थर. पहिले दिवस असे काही छान गेले की काय सांगू. ऊब कमी झाली की पिल्लं बल्बखाली गोळा व्हायची, जास्त झाली की लांब पसरायची. जाऊ त्यांच्याकडे बघून बल्ब वर-खाली करायची. तिला तो छंदच लागला. अंगणवाडी सुटली की मीही तिथं जाऊन बसायची आणि घरात माझ्या चहाची वाट बघणारे तसेच राहायचे.

आणि स्वच्छता? विचारू नका. जरा विष्ठा दिसली की भुसा गोळा करून उकिरड्यावर, पिल्लं टोपलीत, जमिनीवर सडा, वर हात फिरवून सारवण, आणि ते पुरतं वाळायच्या आत नवा भुसा आणि पिल्लं पुन्हा आत. गावातल्या बाया बघायला यायच्या आणि तोंडात बोट घालायच्या. कोंबडीचं खुराडं असूनही वास म्हणून नाही. मीही चार ठिकाणी मिरवलं, की बघा, आमच्या जावेचं काम बघा.

भाद्रपद लागला. पाऊस धड पडेना, धड उघडेना. नुसतं कुंद, अंगाला चिकटणारं उकडणं. एका सकाळी जावेनं हाक मारली. काही पिल्लं पिसं फुगवून, मान पोटात घालून, डोळे मिटून उभी होती. बाकीची चरत होती आणि ही जागेवरून हलत नव्हती. विष्ठेत रक्त होतं. दुपारपर्यंत त्यातली काही आडवी झाली.

नजर लागली, असं गावानं सांगून टाकलं. कुणी हळद पाजायला सांगितली, कुणी मिरच्या ओवाळून टाकायला. माझा पारा चढला आणि मी दोघीतिघींना नको ते बोलून बसले. जावेनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं तिला येत होतं ते केलं. दिवसातून दोनदा सारवायला लागली. पाण्यात फिनेल टाकून जमीन पुसली, मग त्यावर सडा, त्यावर सारवण. कंबर मोडेस्तोवर. आणि जितकं ती सारवत गेली, तितकी जास्त पिल्लं मान टाकायला लागली. एका संध्याकाळी दीर ओट्यावर बसून कोयत्याची मूठ बसवताना मला दिसले.

दुसऱ्याच दिवशी मी अंगणवाडीतून रजा टाकली, जावेला जीपमध्ये घातलं, मेलेली दोन पिल्लं पिशवीत घेतली आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आणि घाईतल्या. बाहेर म्हशी बांधलेल्या, एक बोकड ओरडतोय. त्यांनी आमची रामकहाणी अर्ध्यात थांबवली आणि एक पिल्लू टेबलावर चिरलं. आतडं उघडून दाखवलं. आत नुसतं रक्त साकळलेलं. रक्ती हगवण, त्या म्हणाल्या. किडा आहे, पण डोळ्याला न दिसणारा. आतड्याच्या आतून अस्तर पोखरत जातो.

मला पटेना. मी अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटते, किडे मला माहीत आहेत. न दिसणारा किडा एवढं रक्त कसं काढील, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. बाईंनी वाद घातला नाही. आतड्यातलं चिमूटभर काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, बघा.

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग त्यांनी चक्री फिरवली आणि एकदम सगळं स्वच्छ झालं. लांबट गोल, चकचकीत, दुहेरी कवचाची अंडी. एक नाही, दोन नाही, जिकडे बघावं तिकडे. प्रत्येकाच्या मधोमध एक गोळी. इतकी सुबक की मी श्वास घ्यायची विसरले. जे आमची पिल्लं मारत होतं ते इतकं देखणं असेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. राग यायला हवा होता, आणि मी तर बघतच राहिले.

मग त्यांनी दुसरी काच लावली. दुसऱ्या कुणाच्या कोंबड्यांची विष्ठा, बशीत ओली करून झाकून ठेवलेली होती. तीच अंडी, पण आतल्या गोळीचे आता चार भाग झालेले. बाई म्हणाल्या की पोटातून पडतं तेव्हा हे अंडं कच्चं असतं, तेव्हा पिल्लानं खाल्लं तरी काही होत नाही. त्याला बाहेर पिकावं लागतं. त्यासाठी लागतं काय, तर हवा, ऊब आणि ओल. आमच्या हवेत दोनतीन दिवसांत पिकतं. मग पिल्लू टोचतं, ते पोटात जाऊन फुटतं आणि एकाची हजारो होतात. फिनेलनं त्याचं काही बिघडत नाही, कवच तसलं जाड. कोरडं मात्र त्याला सोसत नाही. ओल नसली की ते पिकतच नाही, जागच्या जागी वाळून जातं.

"जमीन कशी ठेवता?" त्यांनी विचारलं.

जावेनं मोठ्या हौसेनं सांगितलं. सडा, सारवण, दिवसातून दोनदा. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी चिरायचा चाकू खाली ठेवला आणि पहिल्यांदा जरा सावकाश बोलल्या. "ताई, तुम्ही रोज त्या अंड्यांना पाणी घालताय."

जीपमध्ये जाऊ खिडकीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर औषधाची बाटली. करंजी फाटा गेला, माळ आला, तरी तिनं मान वळवली नाही. मग म्हणाली, "आक्का, मीच मारली व्हय गं?" वर्षातून अर्धाच काळ मिळतो म्हणून जी बाई घराला दोन्ही हातांनी कुरवाळते, तिला काय सांगायचं? मी तिचा हात धरला. म्हटलं, ह्या तालुक्यात कुठल्याही बाईच्या हाती ती पिल्लं दिली असती, तर तिनं हेच केलं असतं. मीसुद्धा. फक्त तुझ्याइतकं नीट केलं नसतं.

औषध पाण्यातून सुरू केलं. खरं काम पुढं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सारवलेली जमीन उन्हात उघडी टाकून खडखडीत वाळवली. वर चुन्याची फक्की. त्यावर शेंगांची टरफलं आणि भुसा मिसळून वीतभर जाड गादी. पाण्याची भांडी विटांवर चढवली, म्हणजे पिल्लं पाय घालून सांडणार नाहीत. आजारी पिल्लं वेगळी. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट, ती म्हणजे हात आवरायचा. विष्ठा काढायची नाही. ती गादीतच पडू द्यायची, आणि रोज काठीनं गादी खालची वर, वरची खाली करायची, म्हणजे ओल टिकत नाही. जावेचा जीव तळमळायचा. घाणीवर घाण कशी ठेवायची? पहिल्या दिवशी मी अचानक गेले तर बाईसाहेब शेणाची पाटी घेऊन दारात उभ्या. मी पाटी हिसकावून घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी रागावलेली असूनही मला हसू फुटलं. मग तीही हसली.

काही दिवसांनी तिनं मला बोलावून माझा हात त्या गादीत खुपसला. कोरडी, भुसभुशीत, आतून जराशी कोमट. मूठ दाबून सोडली की गोळा व्हायचा नाही, सगळं बोटांमधून सुटून जायचं. वास नाही. एवढी घाण त्या गादीनं कुठं जिरवली, मला कळेना. मान टाकलेल्यांपैकीही बरीच पिल्लं उठून चालायला लागली होती. औषधाची दुसरी बाटली आणायला मी एकटीच गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंना अभिमानानं म्हटलं, आता त्या किड्याचं एकही अंडं शिल्लक राहणार नाही. तर त्या म्हणाल्या, राहू द्या थोडी. थोडी राहायलाच हवीत. रोज कणभर पोटात जातं, पिल्लू आजारी पडत नाही, पण त्याचं अंग ओळखून ठेवतं की हा शत्रू. पुढं तेच त्याला जन्मभर तारतं.

मी परत येताना जीपमध्ये याच गोष्टीचा विचार करत होते. मारणारं जे आहे, त्याचाच घास घेऊन जगायला शिकायचं, आणि तेही कुणी न सांगता, त्या मूठभर पोटात! देवानं हे कधी बसून ठरवलं असेल? मी देवाशी फार भांडणारी बाई आहे. त्या दिवशी नाही भांडले.

नवरात्रात परतीचा पाऊस आला, आणि तोही असा की गावानं नाचावं. आमच्याकडे पाऊस म्हणजे वर्षाची भाकरी. लोक चावडीपुढं भिजत उभे राहिले, ज्वारीची स्वप्नं बघत. आणि माझी जाऊ गोठ्याच्या दारात हात जोडून, डोळे मिटून उभी. मला वाटलं आभार मानतेय. जवळ गेले तर पुटपुटत होती, थांब रे बाबा, आता थांब. माझी चाहूल लागली तशी दचकली. "कुणाला सांगू नगा आक्का," म्हणाली. "गाव मला दगडं मारंल."

तेवढ्यात पत्र्याच्या सांध्यातून धार लागली, आणि ती नेमकी गादीवर. जाऊ पाटी घेऊन धावली, मी पिल्लांना कोरड्या बाजूला हाकलायला लागले. आमच्या दोघींचा नुसता गोंधळ. आणि वर एकदम धडधड आवाज झाला. बघते तर दीर. शेतातल्या ढिगावरचा प्लॅस्टिकचा कागद ओढून आणून, त्या पावसात, निसरड्या पत्र्यावर चढलेले. कागद पसरून त्यावर दगड ठेवत होते. वरूनच ओरडले, "वहिनी, अजून गळतंय का बघा!" महिनाभर त्यांनी त्या गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं. खाली उतरले ते नखशिखांत भिजलेले. त्यांनी भिजलेली गादी फावड्यानं काढली, कोरडा भुसा ओतला, आणि मग बाहेर जाऊन अंग पुसायला लागले. जाऊ त्यांच्याकडे अशी बघत होती, की मी आपली तिथून सटकले.

दसऱ्याला पिल्लांना पिल्लं म्हणायची सोय राहिली नव्हती. लालभडक तुरे, अंगावर तकाकी, माणूस दिसलं की जाळीशी झुंबड. मुकादम आला तेव्हा मी मुद्दाम ओट्यावर शेंगा फोडत बसले, म्हटलं बघू हा माणूस शब्द कसा फिरवतो ते. दिरांनी शब्द फिरवला नाही. मुकादमाला चहा दिला आणि गोठ्याकडे हात करून सांगितलं की यंदा आमचं हे हाय. एवढंच. पुढच्या आठवड्यात ट्रक भरून गेले. भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं. आळीतली घरं एकामागून एक बंद झाली. जाऊ ट्रक दिसेनासा होईस्तोवर रस्त्यावर उभी होती. त्यात तिची बहीण होती.

थंडी पडली. पोरगी आता तिच्या आईकडे झोपायला लागली होती. मी म्हणत होते की बरं झालं, माझी झोप तरी पुरी होईल. झोप कसली, पहाटेच जाग यायची आणि हात बाजूला चाचपायचा. एका सकाळी चुलीवरून कढत पाणी उतरवते तर दारात जाऊ. खांद्यावर टॉवेल, एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हाताला कुडकुडणारी पोरगी. खाली बघून म्हणाली, "आक्का, थंडीत हिला पानी किती कढत लागतं? मला ठावं न्हाई."

चार हिवाळे ते मला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. मी बादली घेतली, त्यात माझ्या हंड्यातलं पाणी ओतलं, गार पाण्यानं थोडं मोडलं. मग तिचा हात मनगटाला धरून आत घातला.

"एवढं," मी म्हटलं.

तिनं हात तसाच पाण्यात ठेवला, बराच वेळ. मग पोरीला मोरीत घेऊन गेली, आणि मी बाहेर येऊन चुलीतलं लाकूड उगीचच मागं-पुढं करत बसले.